फीत कापेपर्यंत

२ फेब्रुवारी
पाळणाघराची खोली तयार झाली. शिलाई कारखान्यामागचं जुनं गोदाम, पण आता ओळखू येणार नाही. पिवळ्या भिंती, छोट्या छोट्या गाद्या, लाकडी घोडा. कारखान्यातल्या बायकांची पोरं आजवर मशिनखाली चिंध्यांत लोळायची. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून मला ते बघवेना. शिवाय मार्चअखेर वार्षिक सभा आहे. इतकी वर्षं अध्यक्ष आहात, उभं काय केलंत, असं हल्ली काही सभासद विचारतात. खोचकपणे.
संकल्प: उद्घाटन महापौरबाईंच्याच हस्ते. तोवर एकाही पोराचा पाय आत पडता कामा नये. गाद्यांवरचं प्लास्टिक काढायचं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये.

५ फेब्रुवारी
भाषण लिहून झालं. ‘आई, मूल आणि समाज: एक चिंतन’. सहा पानं. ह्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या पानाला ह्यांनी डोळे मिटून घेतले. लग्न झाल्यापासून माझं बोलणं इतक्या एकाग्रतेने ह्यांनी प्रथमच ऐकलं.
महापौरबाईंच्या पीएने बारा तारीख दिली.

९ फेब्रुवारी
काज-बटणवाली घरी आली होती. कडेवर मुलगी. मुलीला सगळा कारखाना भोंगा म्हणतो, आणि का म्हणतो ते चहा होईपर्यंत कळलं. सुपरवायझर म्हणे बोललाय, एक तारखेपासून पोर घेऊन आत यायचं नाही, नाहीतर तुझं मशिन दुसरीला. ताई, खोली कधी उघडताय, असं विचारत होती. मी तिला शांतपणे समजावलं की उघडणं वेगळं आणि उद्घाटन वेगळं. पटलं असावं. चहा तसाच ठेवून गेली.

१२ फेब्रुवारी
महापौरबाई आल्या नाहीत. तातडीची मीटिंग. हार वाळले.
धाकटी जाऊ मंडळाची चिटणीस आहे (मीच केली). ती म्हणाली, ताई, उद्घाटन होईल तेव्हा होईल, नुसतं दार तर उघडून देऊ. मी म्हटलं, आणि पाहुण्यांना काय शेंबूड पुसलेल्या भिंती दाखवू? धाकटीला मोठा विचार झेपत नाही. भाऊजींनी लाडावून ठेवली आहे.

१८ फेब्रुवारी
आल्या नाहीत. घसा बसला म्हणे. आता सत्तावीस.
झोप लागत नाही. कूस बदलून बदलून खांदे दुखतात. हे बाजूला घोरतात. जबाबदारी नसली की माणूस घोरतो.

२७ फेब्रुवारी, दुपार
आल्या नाहीत. कारण दिलं नाही. पीए आता फोन उचलत नाही, त्याचा शिपाई उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. मागून पीएचा आवाज आला, सांग मीटिंगमध्ये आहे.

१ मार्च
सुपरवायझरची तारीख. कारखान्याच्या फाटकाशी रडारड असणार म्हणून धीर द्यायला मुद्दाम गेले. दोन वाक्यं तयार करून नेली होती. फाटकाशी कोणीच नाही. मशिनं चालू. काज-बटणवाली खिडकीतून चक्क हसली. कडेवर पोर नाही, मशिनखालीही नाही. म्हणजे मी सुपरवायझरला पाठवलेल्या पत्राचा परिणाम झाला. पत्र टाकायचं राहिलं होतं हे नंतर आठवलं. पण मी लिहिणार आहे ही कुणकुण त्याला लागली असणार.

५ मार्च, रविवार
खोलीत चोर शिरला होता. मी फक्त रविवारी जाते, इतर दिवशी तिथे कापसाचा फुफाटा असतो आणि घसा भाषणासाठी जपायचा आहे. बघते तर घोडा खिडकीपासून दाराशी आलेला. प्लास्टिक गायब. बाकी काही चोरीला गेलेलं नाही. उलट चोर एक मोजा ठेवून गेला आहे, माझ्या अंगठ्याएवढा. भिंतीवर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर बोटांचे ठसे. वॉचमनला झापलं. तो अतिशय गंभीर चेहरा करून म्हणाला, बुटकाच दिसतोय मॅडम, आणि एकटा नसावा.
संकल्प: नवं कुलूप. धाकटीने लगेच आणून दिलं. कुलपाला दोन किल्ल्या असतात ना, म्हटलं. ती म्हणाली, एकच मिळाली.

१४ मार्च
तारीख नाही. शिपाईसुद्धा फोन उचलत नाही.
काल मंडळाच्या बैठकीत मी बोलत असताना दोघी कानात काहीतरी कुजबुजल्या आणि धाकटीकडे बघून हसल्या. माझं काही खरं नाही. अध्यक्षपद गेलं तर उरतं काय? हे पेपरात. मुलगी फोनवर दोन मिनिटं, त्यातला अर्धा वेळ आई आवाज येत नाही म्हणते. मंडळात निदान माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवतात. उद्या मी मधल्या रांगेत बसले तर मला कोण ओळखणार? खूप भीती वाटते. रडले. भाषणाचे कागद बाजूला सरकवून रडले, शाई पसरते.

१९ मार्च
येणार. बावीसला. नक्की. पीएने स्वतः फोन केला. देव पावला. पांढरी साडी इस्त्रीला. कात्रीला धार. फीत धाकटीकडे आहे.

२२ मार्च
महापौरबाई आल्या. दाराशी सगळं मंडळ, जेवणाच्या सुट्टीत आलेल्या कारखान्यातल्या बायका. मी कात्री घेऊन उभी. फीत कुठाय, विचारलं तर धाकटी चपलेकडे बघायला लागली. तेवढ्यात भोंगा झाला. मला वाटलं कारखान्याचा. कारखान्याचा नव्हता. आतून येत होता.
महापौरबाईंनी दार ढकललं. कुलूप नव्हतंच. आत पोरंच पोरं. एक घोड्यावर, दोन घोड्याखाली. फीत औषधाच्या कपाटाच्या कड्यांना करकचून बांधलेली, पोरांनी उघडू नये म्हणून. कापली असती तर कपाट उघडलं असतं. महिना होत आला म्हणे, आणि आळीपाळीने माझ्या मंडळातल्या बायका येऊन बसतात. मला सोडून सगळ्या. महापौरबाई म्हणाल्या, मी पुष्कळ पाळणाघरांची उद्घाटनं केली, आत मुलं असलेलं हे पहिलंच. कोणाचं काम हे? सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. काज-बटणवालीनेही.
मी भाषण काढलं. तेवढं तरी माझं होतं. भोंगा ऊर फुटेस्तोवर रडत होती, मी आवाज चढवून वाचत राहिले. दुसऱ्या पानाला ती हुंदक्यांवर आली. तिसऱ्याला एकेक मान कलंडली. घोड्यावरचा घोड्यावरच झोपला. महापौरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि चवड्यांवर बाहेर गेल्या. मागोमाग सगळ्या. फोटो बाहेर निघाला. मला जाता आलं नाही, भोंगा माझ्या पावलावर डोकं टेकून झोपली होती.
निष्कर्ष: भाषणाचा प्रभाव पडला. श्रोते जागचे हलले नाहीत.

३१ मार्च
वार्षिक सभा. धाकटी अध्यक्ष. बिनविरोध. मीही हात वर केला, सगळ्यांचे वर होते.
सभेनंतर धाकटी जवळ आली. म्हणाली, ताई, तुमच्याशिवाय चालायचं नाही हो. मला हेच ऐकायचं होतं. मी मार्गदर्शक पदाबद्दल बोलणार तोच ती म्हणाली, भोंगा दुपारी कोणाकडेच झोपत नाही. तुमचं ते भाषण रोज दोन वाजता म्हणाल का?
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, मला विचारशील तर औषध खात्रीचं आहे.
संकल्प: या जन्मी तिथे पाऊल टाकणार नाही.

३ एप्रिल
किल्ली परत करायला गेले होते. भोंगा रडत होती. केवळ आवाज असह्य झाला म्हणून पहिलं पान म्हटलं.

१२ एप्रिल
रोज जाते. कोणी समजू नये की पोरांसाठी. भाषण पूर्ण करायचं आहे. तिसऱ्या पानापुढचं आजवर कोणीही ऐकलेलं नाही, आणि खरं चिंतन शेवटच्या पानात आहे.
आजचा संकल्प: कोणी जागं असो नसो, शेवटपर्यंत वाचायचं. भोंगा पहिल्या पानालाच झोपली. बाकीची दुसऱ्याला. मी भिंतीला टेकून वाचत राहिले. चौथं पान उलटल्याचं आठवतं.
जाग आली तेव्हा कारखाना सुटला होता. कित्येक आठवड्यांत अशी झोप लागली नव्हती. अंगावर कोणीतरी पोरांची चादर घातलेली, ती गुडघ्यांपर्यंतच पुरत होती. चष्मा काढून घोड्याच्या पाठीवर ठेवला होता. काज-बटणवाली भोंग्याला उचलून घेत हळूच म्हणाली, ताई, सावकाश उठा, आवाज नका करू, बाकीची झोपलीत अजून.
शेवटच्या पानात काय लिहिलंय, ते आता मलाही आठवत नाही.