केंद्र बंद, रांग चालू

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (दोन्हींची उत्तरं दे, मागच्या वेळी नुसता गुडघाच आला.) फोन करणार होतो, पण बाबा फोनपासून हलत नाहीत, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय.

माझं म्हणशील तर जीव नकोसा झालाय. साथीच्या गोळ्या वाटायचं आमचं केंद्र काल बुधवारी बंद झालं. सहा आठवड्यांत अख्ख्या गावाला गोळ्या दिल्या, आणि घरातल्या एका माणसाला देऊ शकलो नाही. बाबांनी अजून घेतलेली नाही. खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांच्याशी ते रोज पत्ते खेळायचे, परवा तापाने दवाखान्यात गेले. केंद्रातल्या नर्सबाई म्हणतात, बाबांची पहिली गोळी सोमवारच्या आत पोटात गेली तरच उपयोग.

गोळी घरातच आहे, हेच तर दुखणं. आम्हा कर्मचाऱ्यांना घरच्यांची पाकिटं पहिल्याच दिवशी मिळाली. पण तीस वर्षं तिकीटखिडकीत बसून लोकांना रांगेत या म्हणणारा माणूस घरपोच गोळी कशी घेईल? वशिल्याची नको म्हणाले. मग रांगेत या म्हटलं, तर आधी गरजूंना मिळू दे, मी शेवटी येतो. आता साथीचा शेवट कधी येणार हे मी कुणाला विचारायचं होतं?

शाळेला हॉल परत हवा होता. काल सकाळी टेबलं मिटली, उरलेल्या गोळ्या खोक्यांत घालून सील केल्या आणि खोकी फाटकाबाहेरच्या टेम्पोत भरायला आम्ही सातजण ओळीने उभे राहिलो. तिथेच घोटाळा झाला. सहा आठवडे जिथे रांग लागायची, नेमके तिथेच आम्ही उभे. दहा मिनिटांत आमच्यामागे चाळीस माणसं. बरं, माणसं इतकी शिस्तीची की हातात आलेलं खोकं मुकाट्याने मागच्याकडे द्यायची. (हल्ली असंच वाटतात, असं एकीने दुसरीला समजावूनही सांगितलं.) टेम्पो राहिला बाजूला आणि खोकं गेलं कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत. नर्सबाई आणि मी धावत सुटलो. तिथे सगळ्यांच्या शेवटी, खोकं छातीशी धरून, आपले बाबा उभे होते.

केंद्र बंद झालंय म्हटलं. ते म्हणाले, "मग एवढी माणसं उभी का आहेत?" सील तोडायची मला परवानगी नाही. घरचं पाकीट घ्या म्हणून हात जोडले, तर म्हणाले, रांगेत मिळाली नाही ती माझी नव्हे. आणि खोकं स्वतः टेम्पोत ठेवून घरी गेले. ताई, मी टेम्पोच्या आड जाऊन रडलो. (टेम्पो सुटल्यावर सगळ्यांसमोर.) यापुढे माझी मती चालत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी सगळे या. आपल्या बाहेरच्या खोलीत रांग लावू: तू, भाऊजी, दोन्ही मुलं, शेवटी बाबा. मी टेबल मांडून बसतो. तुम्ही गोळ्या घेतलेल्याच आहेत, तेव्हा तुम्हाला पेपरमिंट. भाऊजींनी दुसरी मागू नये.

आणखी एक ता. क. मी या पत्रासाठी पाकीट आणायला उठलो तेवढ्यात बाबांनी हे सगळं वाचलं. मला वाटलं, आता संपलं. चष्मा पुसत म्हणाले, "ती खरंच येणार आहे का? मग रांग कशाला?" ताई, तू येऊन दीड वर्ष झालं. पेपरमिंट राहू दे, तू ये.