डाव्या कानातले ठोके

अहो,

तुम्हाला आत नेऊन दोन तास झाले. मानेतली तुंबलेली रक्तवाहिनी साफ करतायत. मी बाहेर बाकावर बसून तुमच्या रिपोर्टच्या पाकिटावर हे लिहितेय.

सहा महिन्यांपूर्वी तुम्ही म्हणालात, "डाव्या कानात ठोके वाजतात गं." मी म्हटलं, "जन्म छापखान्यात गेला, कान वाजणारच." तरी तुम्ही डॉक्टरांची वेळ घेतलीत. मला त्या दिवशी बहिणीकडे जायचं होतं. मीच वेळ रद्द केली आणि डॉक्टर परगावी गेलेत, अशी थाप मारली. पुढे ते राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात तुमचा हात लुळा पडला. इथल्या डॉक्टरांनी मानेवर स्टेथोस्कोप लावून ऐकलं नि म्हणाले, "कानातला आवाज इथलाच असू शकेल. नक्की नाही सांगता येत. आधी दाखवायला हवं होतं." तुम्ही म्हणालात, "डॉक्टर गावाला गेले होते." मी खाली मान घालून पर्स आवरत राहिले.

आत्ताच नर्स सांगून गेली. तुम्ही शुद्धीवर आलात, हात हलवलात आणि मला बोलावताय.

हे पाकीट पर्समध्ये ठेवतेय. वेळ कुणी रद्द केली, ते आत येऊन तोंडानंच सांगते. मग हवं तेवढं ओरडा.

तुमचीच,
दाराशी उभी