नव्याच्या किमतीची पावती

ब्रॅम्प्टन, ६ जानेवारी २०२५

ती. आप्पांना अरिहंतचा शि. सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून प्राचीच्या मोबाईलवर फोटो पाठवतोय. तिला म्हणावं, काकाचं अक्षर वाईट असलं तरी हसू नकोस.

माझ्या कंपनीनं इथल्या एका धर्मादाय संस्थेमार्फत तुमच्या ट्रस्टला दिलेली श्रवणयंत्रं वाटली गेली, कार्यक्रमाचे फोटो पाहिले. फेटा तुम्हाला झकास दिसतो. आता एक काम आहे. ही यंत्रं आमच्याकडं गिऱ्हाइकांना वापरून बघायला ठेवलेली, कंपनीच्या भांडवलात धरलेली होती. इथं कंपनीनं अशी वस्तू धर्मादाय संस्थेला दिली की बाजारभावाची पावती मिळते. ती रक्कम करपात्र नफ्यातून पूर्ण वजा होते, आणि आम्ही घेतली त्यापेक्षा पावतीतली किंमत जेवढी जास्त, त्याच्या निम्म्यावरच कर लागतो. पावती मी नव्याच्या भावानं घेतली आहे. म्हणून त्या संस्थेला तुमच्या ट्रस्टचं पत्र हवंय, की सगळी यंत्रं नव्यासारखी चालतात. अध्यक्ष तुम्हीच, तेव्हा सही करून पाठवा.

आईला नमस्कार. थंडीत पहाटे बस्तीला दर्शनाला जाताना मफलर विसरू नका.

तुमचा
अरिहंत

कवठे महांकाळ, १० जानेवारी

चि. अरिहंतास आप्पाचे आशीर्वाद.

सही केलेली न्हाई. का, ते वाच.

मंडपात पहिलं यंत्र माझ्या कानात घातलं. काय बी ऐकू येईना. वाटलं, आपलाच कान पार गेला. बाकीची म्हातारी माणसं माना हलवत हुती, मी बी हलवली. टाळ्या झाल्या त्या मी हात बघून वळखल्या. कुतुबुद्दीन, माझा शाळंपासनंचा जोडीदार, त्याला बी यंत्र दिलेलं, त्यानं कानाशी तोंड आणून विचारलं, ऐकू येतंय का रं गड्या. मी व्हय म्हटलं.

तुझी आत्या आक्काताई यंत्रासाठी वडूजवरनं एस.टी. बदलत आलेली. घरी आल्यावर तिनं यंत्र काढून ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, समद्यांना येतंय, मलाच येत न्हाई. मागच्या जन्मी कुणाची तरी निंदा कान देऊन ऐकली आसंल, तेच कर्म भोगतीया. तवापासनं अष्टमी-चतुर्दशीला उपास धरती.

ते ऐकून माझं जेवणात ध्यान लागंना. तपासायला म्हणून यंत्रं परत मागून घेतली, आन् प्राचीला घेऊन सांगलीला यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं यंत्रं उघडून दावली, आत गंज. लय मेलेली, उरलेली दुसऱ्याच्याच कानाला बेतलेली. ही नव्याच्या भावानं जातील का म्हणून विचारलं, तर तो हसला.

नव्यासारखी चालतात म्हणून मी कसं लिहू? कुतुबुद्दीनशी एकदा खोटं बोललो, तेवढं पुरं झालं.

आईला अजून सांगितलेलं न्हाई. ती तुझा फोटो समद्यांना दावती.

आप्पा

ब्रॅम्प्टन, १२ जानेवारी

ती. आप्पांना सा. न.

पत्र ऑफिसात वाचलं आणि दार लावून बसलो. यंत्रं जुनी आहेत हे मला माहीत होतं. चालतात का, ते बघितलं नाही. खरं तर बघायचंच नव्हतं. वाटलं, गावाकडं चालून जाईल. खरं ते हेच.

संस्थेला कळवलंय की किंमत खोटी होती, पावती रद्द करा. कर आणि दंड जो बसेल तो कंपनी भरेल. त्याचं मला काही वाटत नाही. पण आत्याच्या उपासाचं काय करू? तिला तुम्ही सांगाल का? मला धीर होत नाही.

आशीर्वाद मागायची आज लाज वाटते.

अरिहंत

कवठे महांकाळ, १९ जानेवारी

चि. अरिहंतास अनेक आशीर्वाद. ते मागावं लागत न्हाईत.

यंत्रं मिळालेल्या समद्यांच्या दारात जाऊन सांगून आलो. कुतुबुद्दीन म्हणाला, यंत्र बंद हाय हे मला मंडपातच कळलं हुतं. पर स्टेजवर तुझ्या पोराचं नाव घेत हुते, म्हणून मान हलवली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

मग वडूजला गेलो. आक्काताईला पाटीवर लिहून दावलं, दोष यंत्रात हाय, तुझ्या कर्मात न्हाई. यंत्रं कुणी दिली, त्यानं काय केलं, ते बी लिहिलं. तिनं बोट ठेवून समदं वाचलं. पदरानं पाटी पुसली, आणि म्हणाली, वडूजात कुणाला बोलू नगंस, पोराचं नाव जाईल.

उपास सोड म्हटलं, तर सोडंना. आता तो तुझ्यासाठी करती म्हणं.

आप्पा