सहाव्या बाजूनंतर

पिंपरी, ता. १४ सप्टेंबर १९५८

प्रिय इंद्रायणी,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं. त्यात दोनच ओळी होत्या. बंगलोरच्या ज्या वाचनालयात तू नोकरी करतेस तिथे रेकॉर्डी ऐकायची खोली झाली आहे, आणि हायडनच्या सिम्फनी कुठून सुरू कराव्यात. प्रकृतीची चौकशी नाही, स्वतःची खबर नाही. मीही विचारलंस तेवढ्याचंच उत्तर देणार आहे.

त्यानं वाद्यवृंदासाठी शंभरावर सिम्फनी रचल्या आहेत. सगळ्या ऐकायच्या भानगडीत पडू नकोस. आधी चौऱ्याण्णव नंबरची घे. दुसऱ्या भागात सूर इतके हलके होतात की माणूस सैलावतो, आणि नेमका तेव्हाच सगळा वाद्यवृंद एकदम धाडकन वाजतो. आमच्या शाळेची झाडलोट करणारी कुशाबाई पहिल्यांदा ऐकताना उठून उभीच राहिली. 'अगं माय, कपाट कुनी पाडलं?' म्हणाली. मग एकशे एक घे. तिच्यात घड्याळाची टिकटिक आहे. तू पाढे म्हणताना पाय हलवायचीस, साधारण त्याच लयीत. चव्वेचाळीस मात्र मन ठिकाणावर असेल तेव्हाच ऐक. तिचा संथ भाग आपल्या मृत्यूनंतर वाजवावा असं त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणतात. ऐकताना हातात विणकाम नको. कॉलेजात असताना दर शनिवारी आमच्या प्रोफेसरांच्या घरी आम्ही तिघी मुली रेकॉर्डी ऐकायला जायचो. तिथला नियम होता, बांगडीचासुद्धा आवाज नको. तो मी आजही पाळते.

आता माझ्याकडे ग्रामोफोन कुठून आला, हे तुला माहीत नाही. औषधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले एक परदेशी इंजिनिअर गेल्या वर्षी मायदेशी परतले. ओझं नको म्हणून चावीचा ग्रामोफोन आणि रेकॉर्डींची पेटी शाळेला देऊन गेले. कामगारांचा साक्षरतेचा वर्ग मी अजून चालवते. रविवारी दुपारी धडा संपला की एखादी रेकॉर्ड लावतो. निम्मे लोक उठून जातात. कुरुळीचे तात्याबा मात्र न चुकता बसतात. वाद्यांना 'बँडवाले' म्हणतात, ते मी सुधारणं सोडून दिलं आहे.

त्या पेटीत पंचेचाळीस नंबरची सिम्फनी होती, निरोपाची. तिची हकिकत मी वर्गाला सांगितली. हायडनच्या मालकानं वादकांना उन्हाळी महालावर महिनोन्महिने ठेवून घेतलं होतं, बायकापोरं दूर गावी. सरळ बोलायची कुणाची छाती नाही. म्हणून हायडननं शेवट असा लिहिला की एकेक वादक आपलं वाजवून थांबतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. उरतात फक्त दोन व्हायोलिनं. मालकाला कळलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी जायची परवानगी मिळाली. वर्गातले कामगारही खोलीत चौघे-चौघे राहणारे आणि वर्षातून दोनदा गाव बघणारे. तात्याबा म्हणाले, 'बाई, ही तबकडी एकदा आमच्या सायबाला ऐकवा की.' सगळे हसले.

आता चूक सांगते. त्या संचात तीन रेकॉर्डी, सहा बाजू. पण एकावर एक रचून आपोआप लागणाऱ्या मशीनसाठी तो संच केलेला. त्यामुळे पहिल्या रेकॉर्डीच्या मागे दुसरी बाजू नाही, सहावी आहे. आकडे वाचून लावावं लागतं. त्या रविवारी माझ्यापुढे वह्या तपासायच्या होत्या, म्हणून ग्रामोफोन कुशाबाईकडे दिला. तिनं भाकरी उलटावी तशी पहिलीच रेकॉर्ड उलटली. झालं, पहिल्या बाजूनंतर लगेच सहावी, सुरुवातीलाच निरोप. एकेक वाद्य गेलं. शेवटची दोन व्हायोलिनं थांबली तेव्हा कुशाबाई हळूच म्हणाली, 'गेली बया समदी.' मग तिनं दुसरी रेकॉर्ड लावली. ती संपली, उलटली, आणि पुन्हा सगळी वाद्यं घाईघाईनं एकमेकांवर तुटून पडली. कुशाबाईनं हात जोडले. 'आली बगा परत! भांडत भांडत आली, पन आली.' तात्याबांनी मान डोलावली, जणू यात नवल ते काय. तिसऱ्या रेकॉर्डीवर तर नाचाचा तुकडा निघाला.

तुला ठाऊक आहे, चुकीचं काही ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही. लाल पेन्सिल हातात होती. मी उठले नाही. पुढच्या रविवारीही क्रम सांगितला नाही.

यशवंत याच वर्गात मुळाक्षरं शिकला. परभणीकडून आलेला फिटर, हुशार, नीटनेटका. त्याच्याशी लग्न करते म्हणालीस तेव्हा, शिक्षणाचं अंतर फार आहे, असं मी म्हटलं. जातीचा प्रश्न नाही, असंही म्हटलं. तोच होता. सगळे माणूस म्हणून सारखे, हे फळ्यावर लिहिणारी बाई घरात ते वाचू शकली नाही. तुम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे होता आणि दार मी लावलं. तू दार आपटून गेलीस असं मी शेजारणींना सांगितलं होतं.

तुझं कार्ड चार दिवस टेबलावर ठेवून विचार केला. सिम्फनीची यादी तुला तिथलं कुणीही देऊ शकलं असतं. तरी तू मला विचारलंस. मी ती तीन वर्षं सहावी बाजू समजत होते, म्हणजे संपलं. कुशाबाईच्या क्रमानं तिच्यानंतर अजून चार बाजू उरतात. दिवाळीच्या सुट्टीत ये. वादावादी होईल, ती होऊ दे. गाडीची वेळ तारेनं कळव, मी चिंचवड स्टेशनवर उभी राहीन. एकटी येऊ नकोस. यशवंतरावांना घेऊन ये, आणि मी बोलावलंय असं त्यांना सांग.

अजून तुझीच,
आई