एकच शिट्टी

ता. ११, मंगळवार

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मी बरी आहे, सोन्याही बरा आहे. त्याला दाढा येतायत म्हणून सारखी लाळ गळते, हाताला लागेल ते चावतो. तुमचे गुडघे कसे आहेत? माझी शाळा लवकर सुटली, अक्षर वाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंय की येते आणि पोराला घेऊन जाते. ते वाचलं त्या दिवशी कारखान्यात बटणं लावताना दोनदा सुई बोटात गेली. तुम्ही म्हणता, ज्यांनी माझ्या भावाला दरीत सोडलं त्यांच्याच घरी तू पोर ठेवून कामाला जातेस, लाज कशी वाटत नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुमचा भाऊ होता, तुम्ही बोलणारच. पण त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. मीच टाळत होते. आता सांगते. मग तुम्ही ठरवा.

सुट्टी होती. उस्तादांनी कुणाची तरी जीप मागून आणली. उस्ताद म्हणजे यांच्या बसचे ड्रायव्हर. हे कंडक्टर, ते ड्रायव्हर, आमच्या लग्नाच्या आधीपासून जोडी. उस्ताद, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, हे, मी आणि मांडीवर सोन्या. राष्ट्रीय उद्यानात जायचं म्हणाले. उद्यान म्हटल्यावर मला वाटलं बाग असेल, झोपाळे असतील. मी सोन्याला नवे बूट घातले. जाऊन बघते तर नुसते लाल कडे. झाड म्हणावं असं झाड नाही आणि रस्त्याला लागूनच दरी. माझं तोंड बघून हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "झोपाळा नसेना, घसरगुंडी बघ केवढी मोठी आहे."



डबे खाऊन झाल्यावर यांना दरीत उतरायची हुक्की आली. तळाला पाणी होतं, तिथून पायवाट पलीकडच्या कड्यावर चढत होती. गाडीला मात्र मोठा वळसा. मी नको म्हटलं तर म्हणाले, रोज बसमध्ये उभं राहून पाय आखडलेत, जरा मोकळे करतो. मग ठरलं. बसमध्ये घंटीचं असतं तसंच ठरलं. एक शिट्टी म्हणजे थांबा, हे परत इथेच येणार. दोन म्हणजे चला, हे पलीकडे चढतायत, आम्ही गाडी तिकडे न्यायची. शिट्टी सुट्टीच्या दिवशीही यांच्या खिशात असायचीच, तुम्हाला माहीत आहे.

थोड्या वेळाने दोन वाजल्या. मीही ऐकल्या ताई, याच कानांनी. उस्तादांनी गाडी सुरू केली. मागून परत दोन आल्या, परत दोन. वहिनी म्हणाल्या, आज सुट्टी आहे तरी भाऊजींना गाडी वेळेवर हवी. आम्ही हसलो. हसतच गेलो.

पलीकडे जाऊन थांबलो. सोन्या झोपला, उठला, रडला. उस्तादांनी हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवत आणली. मग परत फिरलो. वाटेत जंगलखात्याचे दोन रखवालदार भेटले, त्यांना घेऊन आलो. एक खाली उतरला, एक आमच्यापाशी थांबला. ऊन कलल्यावर खालून शिट्टी आली. वरचा म्हणाला, "एक मारली, म्हणजे सापडला."

उस्ताद म्हणाले, "एक कुठे? दोन वाजल्या."

"एकच हो. दुसरी कड्याची. इथे आवाज परत येतो."

उस्ताद होते तिथेच खाली बसले.

कळलं ना ताई? हे घसरून पडले होते. पाय मोडला होता, रक्त जात होतं. हे थांबा म्हणत होते. पुन्हा पुन्हा थांबा म्हणत होते आणि आम्हाला चला, चला ऐकू येत होतं. गाडी निघाल्याचा आवाज खाली गेला असेल का? हे मी कुणाला विचारलं नाही. तुम्हालाच विचारतेय. यांना वर आणलं तेव्हा अंग गार होतं. शिट्टी मुठीत होती, ती मी सोडवून घेतली.

उस्ताद आता बस चालवत नाहीत. कामावर गेले, पण घंटी दोनदा वाजली तरी त्यांचा पाय पेडलवर पडेना. प्रवासी ओरडायला लागले. आता ते डेपोत गाड्या धुतात. माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत. सोन्या मात्र त्यांच्या खांद्यावर चढतो, कान ओढतो, तेव्हा तेवढे हसतात. वहिनी आधी त्याला भरवतात, मग स्वतः खातात. त्या घराला शिव्या द्या, मी ऐकीन. पण तिथून पोर उचललं तर तो माणूस राहायचा नाही. मीही राहायची नाही.

आणखी एक. यांनी सोन्याला शिकवून ठेवलंय. अजून धड बोलत नाही, पण सकाळी मी निघाले की चमचा ताटलीवर आपटतो. एकदा. म्हणजे थांब. मी चप्पल घालून दारात उभी राहते. त्याने दोनदा वाजवल्याशिवाय मी जात नाही. कधी कधी तो वाजवतच नाही, खेळत बसतो, मला उशीर होतो, मुकादम सगळ्यांसमोर बोलतो. बोलू दे. मी एकदा ऐकण्यात चुकले, आता चुकणार नाही.

तुम्ही या. सोन्याला आत्या हवीच आहे. कितीही दिवस राहा, मी तुमचे गुडघे चोळून देईन. फक्त दारावर थाप एकदाच मारा. हे त्याला फिरवायला न्यायचे तेव्हा दोनदा मारायचे. अजूनही कुणी दोनदा मारली की तो ते बूट घेऊन दाराशी धावतो. त्याला वाटतं, चला.

एकदाच मारा ताई.

तुमची,
सोन्याची आई