डाव्या नळीतील अडथळ्याबाबत

प्रति,
मा. शस्त्रपरवाना अधिकारी,
मेजर बाकास इसाकोव साहेब,
तालुका पोलीस कचेरी, कारा-जार.

अर्जदार : जुमाश तोकोएव, मेंढपाळ, वय ६३, मु. तेरेक-बाशी.

विषय : जप्त दुनळी बंदुकीची डावी नळी रविवारच्या आत मोकळी व्हावी म्हणून कक्ष क्र. ४ मधील शेगडी एक तास पेटवण्याबाबत.

संदर्भ : १) जप्तीची पावती, दि. ८ ऑक्टोबर. २) गेल्या शुक्रवारी चहा पिताना आपण दिलेला तोंडी आदेश : "घरचं घरी, कचेरीचं कचेरीत. काय असेल ते लेखी द्या."

महोदय,

संदर्भ क्र. २ शिरसावंद्य मानून लेखी देत आहे.

१. दि. ८ रोजी मी वडिलोपार्जित दुनळी वार्षिक तपासणीसाठी आपल्या कचेरीत हजर केली. सार्जंट तालाय यांनी ती सांध्यात उघडून नळ्या खिडकीकडे धरल्या. उजवीतून उजेड आला. डावीतून काही आले नाही. सार्जंट म्हणाले, "काका, हिच्यात रात्र भरून ठेवलीय का?" मी नळी साफ करायचा गज पुढे करताच ते म्हणाले, "हात लावायचा नाही. आता ती जप्त." पंचनाम्यात 'अज्ञात पदार्थ' अशी नोंद झाली.

२. येथे नमूद करणे भाग आहे, की नळी कशी साफ करावी हे पंचक्रोशीत मीच लोकांना शिकवतो. थंडीतून घरात आणलेली नळी घाम सोडते, तो आधी सुकू द्यावा. मग पितळी ब्रश, मग रॉकेलचा बोळा, मग कोरडी चिंधी पांढरी निघेपर्यंत. शेवटी मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा पुसट हात, तीही बिनमिठाची, कारण मीठ म्हणजे लोखंडाचा सावत्र भाऊ. तीस वर्षे चहाच्या दुकानात हेच प्रवचन मी दिले आहे. सध्या त्या दुकानात मला पाहताच लोक एक डोळा मिटून बशीतून आरपार पाहतात.

३. घरी येऊन मी हकीकत सांगितली, तेव्हा माझी पत्नी उपेल हिने हातातली परात खाली ठेवली. तिचा जबाब जसाच्या तसा देतो : "म्हाताऱ्या, कुंडलं त्यातच आहेत. पेटीत ठेवली असती तर पाहुण्यांनी पेटी उघडायला लावली असती. पिठात ठेवली तर तुझी बहीण पीठ मागायला येते. म्हटलं बंदुकीला कोण हात लावतं? तू तर जूनपासून नुसतं बोलतोयस, साफ करतोयस कुठं!" कुंडले लोकरीच्या फेल्टच्या तुकड्यात गुंडाळून तिने डाव्या नळीत सरकवली व दोन्हीकडून चरबीचा बूच मारला. चरबी स्वयंपाकघरातली होती. खारवलेली.

४. तपासणीच्या फॉर्मवर 'दोन्ही नळ्या स्वहस्ते साफ केल्या' असे लिहून मी सही केली आहे. ते खोटे आहे. त्या सकाळी मी नुसती बंदुकीच्या लाकडी दस्त्याला फुंकर मारली होती. याची मला मनापासून लाज वाटते व होईल तो दंड मान्य आहे.

५. आता अडचण अशी. सार्जंट म्हणतात, नळी साफ झाल्याशिवाय बंदूक परत नाही. मालकाने साफ करावी तर जप्त हत्याराला मालकाचा हात लागता कामा नये. कचेरीने करावी तर कचेरी नळ्या साफ करत नाही. तज्ज्ञ मार्चमध्ये येणार. चरबी उबेने आपोआप वितळेल, तर शेगडी पंधरा नोव्हेंबरशिवाय पेटत नाही. तोवर कक्ष क्र. ४ मधल्या दार न लागणाऱ्या कपाटात शिरून आपल्या कचेरीचे मांजर रोज बंदुकीचे तोंड चाटते. सार्जंटच्या अंदाजाने मांजराची जीभ दोन बोटे आत पोचली आहे. कुंडले आठ बोटे आत आहेत. मांजराच्या भरवशावर मी राहू शकत नाही, आणि मीठ तर तेवढेही थांबणार नाही.

६. कुंडले माझ्या आईची, चांदीची. येत्या रविवारी माझी पत्नी ती नवरीमुलीच्या कानात घालणार, तेव्हाच माझा मुलगा एर्मेक याचे लग्न ठरले असे होणार. रिकाम्या हाताने गेलो तर आमच्यात तो नकार धरतात. बाजारात दुसरी मिळतील. पण मुलीच्या आजीने होकार दिला तो हीच जोडी हातात घेऊन, आणि आजीचे डोळे सार्जंट तालायपेक्षा चांगले आहेत. मुलीचे वडील सरकारी नोकर आहेत. माणूस सरळ, पण नियम म्हटला की सख्ख्या भावाला ओळखत नाही. मुलगी सुदैवाने आईवर गेली आहे. एर्मेक चार दिवस जेवलेला नाही, आणि मी त्याच्याकडे पाहू शकत नाही.

७. सबब विनंती, की शनिवारी एक तास शेगडी पेटवावी, बंदूक तोंड खाली करून कढईवर टांगावी. मी दारात हात पाठीमागे बांधून उभा राहीन. शेण्या मी आणीन. जे खाली पडेल त्याचा पंचनामा खुशाल व्हावा.

८. शेगडी पेटवणे नियमात बसत नसेल तर एवढेच निदर्शनास आणतो : रविवारी दुपारी आम्ही बारा माणसे व एक मेंढी आपल्याच दारात उतरणार आहोत. कुंडले आपल्या कपाटात आहेत, साहेब, आणि कान आपल्या घरात आहेत. आजींना काय सांगायचे ते आम्ही सांगू शकणार नाही. ते कचेरीचे काम आहे, ते आपण सांगावे.

आपला नम्र,
जुमाश तोकोएव
(रविवारपर्यंत अर्जदार)
तेरेक-बाशी, गुरुवार दि. १७ ऑक्टोबर

सोबत :
१) जप्तीची पावती.
२) पत्नीचा जबाब, अंगठ्यासह. अंगठा चरबीचा असल्याने ठसा पसरला आहे.
३) बिनमिठाची चरबी, एक बरणी. ही लाच नाही, नळीसाठी आहे. मांजरापासून दूर ठेवावी.