सलाईनची अर्धी बाटली

आई, आज दुपारी एका म्हाताऱ्या बाईचं सलाईन मी मध्येच बंद केलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल मी बाबांना जे सांगितलं, त्यातली एक गोष्ट मी गाळली होती. बाबा गेले, त्यांनाही कळली नाही. ती आज तुला सांगायचीच असं ठरवून बसले आहे. पण मला तू ओळखतेस, मुद्द्यावर यायच्या आधी माझ्या दहा गोष्टी ऐकाव्या लागतील.

मी आता बऱ्हाणपूरलाच असते, इथल्या एका दवाखान्याच्या इमर्जन्सीत. आमच्याकडे सोनोग्राफीचं एक लहान मशीन आहे, थेट पेशंटच्या खाटेशी नेता येतं. अपघातात पोटात रक्त साचलंय का, छातीत पाणी आहे का, हृदय नीट चालतंय का, हे दोन मिनिटांत दिसतं. लोकांच्या डोक्यात मात्र सोनोग्राफी म्हणजे बाळंतपण, त्यामुळे रोज कुणीतरी माझ्याकडे संशयाने बघतं. त्याचं जेल थंडगार असतं, अंगावर पडलं की माणूस दचकतो. म्हणून मी जेलची बाटली शेकायच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. सिस्टर लोक हसतात. मी इंदूरला डॉक्टरकीला निघाले तेव्हा सगळ्यांनी पेनं दिली आणि तू रबरी शेकायची पिशवी दिलीस, आठवतं? मला रागच आला होता. ती केव्हाच चिरली, ही तिसरी आहे.

तू कागद कारखान्याच्या डिस्पेन्सरीत सिस्टर होतीस, पण क्वार्टरमधल्या बायका डॉक्टरांच्या आधी तुला विचारायच्या. सकाळी स्वयंपाकघरात तू चहाचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून उभी असायचीस. चहा निवायचा, पण हात गरम झाल्याशिवाय तू घोट घ्यायची नाहीस. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर डिस्पेन्सरीत आले, तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. एक बाई पोट धरून बसली आहे आणि मी शहाणी, टेबलापलीकडूनच तिला प्रश्न विचारतेय. तू सगळ्यांसमोर म्हणतेस, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. उठ, हात चोळ, आणि हात लाव तिला." मग तू माझा अंगठा धरून तिच्या नडगीवर दाबलास. "खड्डा पडतो का बघ. पडला आणि राहिला तर अंगात पाणी आहे. याला पुस्तक लागत नाही." मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही.

तर आज. इथल्या शनवारा भागातल्या एका दुकानदाराने त्याच्या आईला आणलं. आधी जवळच्या कुठल्या तरी क्लिनिकात नेलं होतं, तिथे सलाईन लावलेलं, आणि हा मुलगा ती बाटली हात उंच करून धरत स्ट्रेचरबरोबर चालत आत आला. "पुराना दमा है मॅडम, और कमजोरी. आधी बॉटल चढ गई, बाकी यहाँ पूरी करवा दो." मी स्टेथोस्कोप लावला. छातीत शिट्ट्या वाजत होत्या, कुणीही दमाच म्हटला असता. मीही म्हणणार होते. तेवढ्यात म्हातारीने माझी बाही धरली. "बाई, मले उठून बसू दे. आडवं पडलं का बुडाल्यावानी होते."

आई, मी स्टेथोस्कोप काढून ठेवला. मी मशीन ओढलं, तिला बसतं केलं आणि बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवला. दम्याच्या छातीत दिसत नाहीत अशा पांढऱ्या रेघा वरून खाली उतरत होत्या, ओल आलेल्या भिंतीवरून ओघळ यावेत तशा. फुप्फुसं पाण्याने भरली होती. हृदय फुगून बसलेलं, नीट आकुंचन पावत नव्हतं. मग मी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि राहिला. बुडत्या माणसाला आम्ही शिरेतून आणखी पाणी पाजत होतो. मी सलाईन बंद केलं, तशी मुलगा भांडायलाच उठला. इथे बाटली चढली नाही तर इलाज झालाच नाही असं मानतात. "बॉटल से ही तो जान आती है, मॅडम, बंद क्यों की?" मी त्याला बाहेर बसवलं. ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. तासाभरात लघवीची पिशवी भरत आली, आणि म्हातारी चहा मागायला लागली. मुलगा आत आला तो हात जोडूनच. "मशीन ने बचा लिया, मॅडम." मी नुसती मान हलवली.

कारण हेच मी तेवीस वर्षं सांगत आले आहे. त्या वेळी असं मशीन नव्हतं, म्हणून माझी आई गेली. नव्या डॉक्टरांना शिकवताना सांगते. हे मशीन घ्यावं म्हणून दवाखान्याच्या मालकांपुढे बोलले, तेव्हाही हेच सांगितलं.

खरं हे आहे. मी इंटर्नशिपमधून चार दिवस घरी आले होते. तू आठवडाभर खोकत होतीस, दोन दिवस धड जेवली नव्हतीस. मी छाती तपासली, शिट्ट्या ऐकल्या, म्हटलं सर्दी छातीत उतरलीय आणि अशक्तपणा आहे. बाबा कामावर होते. मी सलाईनची बाटली आणली आणि खिडकीच्या गजाला बँडेजच्या पट्टीने टांगली. तू म्हणालीस, "बाटली नको गं. मला आडवं पडवत नाही, बुडाल्यासारखं होतं." मी म्हटलं, "आई, आता डॉक्टर मी आहे." तू हसलीस, आडवी झालीस आणि हात पुढे केलास. तुला कळत होतं का? इतकी वर्षं नर्स होतीस, कळलंच असणार असं मला रात्रंदिवस वाटत आलंय. अर्धी बाटली गेली आणि तुझा श्वास फसफसायला लागला. कारखान्याची जीप आली, आपण निघालो, वाटेतच संपलं. बाबांना मी सांगितलं, हार्ट अटॅक. ते अगदी खोटंही नव्हतं. पण परत आल्यावर उरलेली अर्धी बाटली मी मोरीत ओतली आणि रिकामी बाटली क्वार्टरच्या मागे फेकून दिली. कुणी काही विचारलं नाही.

मशीन नव्हतं, हे खरं. पण तुझे पाय चादरीखाली होते, आणि मी त्यांच्यावर अंगठा ठेवला नव्हता. त्याला मशीन लागत नव्हतं, तूच शिकवलं होतंस. तू माझं ऐकलंस आणि मी तुझं ऐकलं नाही, एवढीच गोष्ट आहे. मी चुकले, आई. उद्या शिकवताना बाटलीपासून सुरुवात करीन म्हणते. करीन की नाही, माझा मलाच भरवसा नाही. हा कागद आत्ता घडी करून शेकायच्या पिशवीच्या खणात ठेवते आहे, तिथे कुणी हात घालत नाही.

आणखी एक राहिलं. तुझी शीर मला पहिल्याच फटक्यात सापडली होती. सुई आत गेली तेव्हा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "हात हलका आहे गं तुझा." तू माझं तोंडावर केलेलं कौतुक मला हे एकच आठवतं. ती सुई कशाची होती हे ठाऊक असूनही, ते आठवलं की मला अजून बरं वाटतं.